ढिला पडलेला मुखवटा

माझा थोरला भाऊ लासूर स्टेशनच्या बाजारात मापाडी होता. शेतकऱ्यांनी आणलेला माल तोलायचा आणि आकडा मोठ्याने पुकारायचा, हे त्याचं काम. घशात गाठ निघाली तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले: सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे. रोज लासूरहून शहरात येणं झेपणारं नव्हतं, म्हणून तो आणि वहिनी माझ्या घरी राहायला आले. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर संध्याकाळच्या पाळीला होते. सकाळी त्याला रुग्णालयात नेणं मला जमत होतं.

उपचारांआधी त्याचा मुखवटा तयार केला. जाळीदार प्लास्टिकची पांढरी पट्टी गरम पाण्यात मऊ करतात, रुग्णाला टेबलावर उताणं झोपवून ती चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवतात. थंड झाली की तिला त्याच माणसाचा आकार येतो. मग रोज तोच मुखवटा घालायचा आणि टेबलाला खटके लावून अडकवायचा. डोकं आणि मान रोज एकाच जागी राहिली तरच किरण ठरलेल्या जागी लागतात. मुखवट्यासकट स्कॅन होतं, त्या स्कॅनवर डॉक्टर गाठ, लाळेच्या ग्रंथी आणि मज्जारज्जू आखून घेतात. बाकी सगळं त्या आखणीवर चालतं.

पहिल्या दिवशी तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "काका, हलायचं नाही हं."

"हलायला जागा ठिवली का तू, पोरी?" भाऊ आतून म्हणाला. जाळीमुळे त्याचे ओठ दाबले गेले होते. ती हसली.

पहिले दोन आठवडे फारसं काही झालं नाही. नंतर तोंडात फोड आले. लाळ चिकट झाली, चव गेली. मानेची कातडी काळपट पडली. वहिनी ज्वारीच्या कण्या शिजवून गाळून द्यायची. भाऊ दोन घोट घ्यायचा आणि वाटी बाजूला ठेवायचा.

"माती लागती," तो म्हणायचा.

"माती तं माती. गिळा."

"तूच गीळ की. तुला सवय हाय तुझ्या हातची."

वहिनी वाटी परत त्याच्यापुढे सरकवायची.

रुग्णालयाच्या बाकांवर नाकात नळी असलेले काही रुग्ण बसलेले असत. खाणं उतरत नसेल आणि वजन घटत असेल तर नाकातून जठरापर्यंत नळी घालतात आणि त्यातून पातळ अन्न देतात. डॉक्टरांनी हे आम्हाला सुरुवातीलाच समजावलं होतं. दर सोमवारी वजन होईल, फार उतरलं तर नळी घालू, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. भाऊ मान हलवत होता. घरी येताना रिक्षात मला म्हणाला, "नळी नको. नळी लागली की गाव बघायला येतं."

त्याचं म्हणणं मला कळलं. आमच्याकडे माणसाचं तोंडानं घेणं बंद झालं की निरोप जातो. मुली सासरहून येतात, भावकी येते, दारात चपलांचा ढीग लागतो. लोक खाटेजवळ बसतात, माणसाकडे बघतात आणि आपसात हळू बोलतात. आमच्या वडिलांना असंच बघायला आले होते. परत कुणी आलं नाही, कारण परत यायची गरज पडली नाही.

सोमवारच्या वजनात भाऊ ठीक होता. पहिल्या आठवड्यात जरा उतरलं, नंतर काटा जवळपास तिथेच. परिचारिका आकडा लिहायची आणि म्हणायची, "काका, छान राखलंय वजन." त्याचे गाल बसले होते, गळ्याची हाडं दिसत होती. पण आकडा आकडा असतो. मी बातम्यांमध्ये आयुष्यभर आकड्यावरच विश्वास ठेवला होता.

चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, "आता मुखवट्यात बरं वाटतं. दम घेता येतो. मान बी जराशी फिरती." त्याला वाटलं, सवय झाली. मलाही तेच वाटलं.

मशीनवर किरण देण्याआधी मानेचं चित्र घेतात आणि ते मूळ स्कॅनवर ठेवून बघतात. त्या आठवड्यात दोन्ही चित्रं जुळेनात. तंत्रज्ञ मुलीने भाऊला उठवलं, परत झोपवलं, डोक्याखालचा आधार बदलला. पुन्हा तेच. तिने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठ म्हणाले, वजन तर उतरलेलं नाही, म्हणजे बसवण्यातच चूक असणार, नीट बसव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. ती हाताने मुखवटा दाबून बघत होती, तिचा चेहरा उतरला होता. आठवड्याचे बाकीचे दिवस तसेच गेले. जमेल तितकं जुळवून किरण दिले जात होते.

शुक्रवारी भाऊला टेबलावरून उठताना चक्कर आली. मला आत बोलावलं. तो खुर्चीत बसला होता, कमरेच्या वर उघडा. त्याचे कपडे शेजारच्या खुंटीवर होते. मी सदरा काढला. त्याच्याखाली त्याची बंडी होती, जाड मांजरपाटाची, आतून दोन खिसे शिवलेली. बाजारात पैसे ठेवायला तो तीच घालायचा. बंडी उचलली तर ती खाली ओढली गेली. खिशातून एक लोखंडी वजन फरशीवर पडलं. दुसऱ्या खिशात आणखी दोन होती.

तंत्रज्ञ मुलीने वाकून वजन उचललं. त्यावर सरकारी शिक्का होता.

"काका, हे काय?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. "बाजारात आता विजेचे काटे आले," तो म्हणाला. "घरी पडूनच व्हती."

सुट्टीला तो दर शनिवारी लासूरला जाऊन येत होता. तिथून एकेक वजन आणत होता आणि घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून रोज अंगावरच ठेवत होता. किती उतरलो याचा त्याला अंदाज होता, आणि त्याचा अंदाज चुकत नसे. सोमवारी रिकाम्या अंगाने काट्यावर उभं केलं तेव्हा तो बरोबर खिशातल्या वजनांइतका कमी भरला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला संगणकासमोर बसवलं आणि दोन चित्रं दाखवली. जुन्या चित्रात मान भरलेली होती, गाठ ठळक होती, कानांखालच्या लाळेच्या ग्रंथी फुगीर होत्या. नव्या चित्रात कातडी आणि मुखवटा यांच्यामध्ये काळी फट होती. गाठ आकसली होती. ग्रंथी लहान होऊन आत, किरणांच्या वाटेत सरकल्या होत्या. त्यांच्या मूळ जागेवर बाहेरचे थर आले होते.

"किरण जुन्या मानेच्या हिशेबाने जात होते," डॉक्टर म्हणाले. "काका आता त्या मापाचे राहिलेले नाहीत. वजन खरं कळलं असतं तर मागच्याच आठवड्यात नवा मुखवटा केला असता."

मी विचारलं, या काळात नको तिथे किती गेले. ते म्हणाले, मज्जारज्जूला मर्यादेपेक्षा जास्त गेलेलं नाही, ते मोजून बघितलंय. लाळेच्या ग्रंथींना ठरलेल्यापेक्षा जास्त गेलंय. तोंड कोरडं राहण्याची शक्यता वाढली.

"आन् गाठीला?" भाऊने विचारलं. त्याचा आवाज तोपर्यंत बसला होता, नीट ऐकावं लागत होतं.

"गाठीच्या एका कडेला थोडं कमी गेलं असावं. उरलेल्या दिवसांत ते भरून काढायचा प्रयत्न करू. गाठ पूर्ण गेली की नाही, ते उपचार संपल्यावर काही महिन्यांनी स्कॅन केल्यावर कळेल."

"तवर?"

"तोवर खायचं."

त्याच दिवशी नळी घातली. नवा मुखवटा झाला, नवं स्कॅन झालं. नव्या आखणीला दोन दिवस लागले, त्या दोन दिवसांत किरण बंद होते. नवा मुखवटा घट्ट होता. भाऊला त्यात श्वास घ्यायला पुन्हा त्रास होऊ लागला. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, हे चांगलं आहे.

वजनांबद्दल घरी विशेष बोलणं झालं नाही. वहिनीने फक्त एकदा नळीत पातळ केलेलं दूध घालताना विचारलं, "मला बी नाय सांगितलं?"

भाऊने डोळे मिटून घेतले. दूध खाली उतरेपर्यंत ती सिरिंज धरून उभी राहिली.

नळीची बातमी लासूरला कुणी कळवली ते माहीत नाही. रविवारी दुपारी भावकीतले चौघे आले, सोबत चुलत बहीण. दारात त्यांनी चपला काढल्या. मी आधी वहिनीकडे बघितलं. तिने त्यांना हळू आवाजात सांगितलं, "झोपलेत. उठले की सांगते. फोन करा तुम्ही."

"एवढ्या लांबून आलोत, निस्तं बघून जाऊ," बहीण म्हणाली.

आतून टाळी वाजली. बोलता येत नसे तेव्हा भाऊ टाळी वाजवायचा. मी आत गेले. तो उठून बसला होता. पाठीशी उशी स्वतःच लावून घेतली होती. हाताने त्याने त्यांना आत बोलवायची खूण केली.

ते आत आले आणि पलंगाभोवती बसले. कुणीतरी त्याच्या पायावर हात ठेवला. बराच वेळ सगळे नळीकडे बघत होते. मग त्यांच्यातला वयाने मोठा असलेला म्हणाला, "लईच उतरलास रे."

भाऊने मान हलवली. घसा साफ केला. "व्हय," तो म्हणाला. "खरंच उतरलो." मग त्याने वहिनीला चहा टाकायला सांगितलं, सगळ्यांना, आणि मला खुणेने विचारलं की उद्या किती वाजता निघायचं आहे.