वाचनालयातले गव्हर्नर

आमच्या विद्यापीठात एक अमेरिकन पाहुणे प्राध्यापक होते. आधी त्यांच्या राज्यात आमदार, मग दोनदा गव्हर्नर, शेवटी निवडणुकीत पराभव. रोज माझ्या वाचनालयात चष्मा पुसत रांगेत उभे राहत. विद्यार्थी त्यांना ‘गव्हर्नर’ म्हणत.

“पद जाऊन तर बरीच वर्षं झाली ना?” एकदा मी काउंटरवरून विचारलं.

“आमच्याकडे पद जातं, हाक राहते,” ते हसून म्हणाले.

निवडणूक हरलेल्या माणसाचा मला इतका हेवा वाटेल, असं वाटलं नव्हतं. माझी मुलगी वारल्यापासून इथे परदेशात, आमच्या बुकित पंजांग वस्तीतल्या मराठी शेजारणी मला ‘मुक्ताची आई’ म्हणायचं टाळतात. जपून ‘ताई’ म्हणतात.

“आणि तुम्हाला काय म्हणतात?” पुस्तक उचलत त्यांनी विचारलं.

“मुक्ताची आई,” मी म्हणाले.