पालथा राजा

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर माझ्या बनियनची भोकंही पाठ आहेत. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्याकडे दिवाळीला येणार नाही, म्हणून असेल.

राजाजीनगरच्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर चांदीचे रुपये मांडतात. त्यातला एक इंग्रज राजाच्या तोंडाचा. तो मात्र पालथा. आजोबा स्वातंत्र्याच्या चळवळीत अकरा महिने तुरुंगात होते. सुटून आले आणि त्यांनी नियम केला — चांदी पूजेला बसेल, राजा बसणार नाही. त्याचं तोंड पाटाला, वर नुसती मागची वेलबुट्टी. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, प्रत्येक घरात एक राजा असा पालथा पडलेला असतो.

सोळाव्या वर्षी मला क्रिकेटच्या मॅचचं तिकीट हवं होतं. देवघरातल्या डबीतला राजा मी उचलला आणि अ‍ॅव्हेन्यू रोडवर जुनी नाणी घेणाऱ्या एकाला विकला. आणि माझी अक्कल पाहा — पूजेच्या सामानाच्या दुकानातून चांदीचा मुलामा दिलेलं एक नाणं आणून त्याच्या जागी ठेवलं. एका बाजूला वेलबुट्टी, साधारण तशीच. दुसऱ्या बाजूला कमळात बसलेली लक्ष्मी. पालथंच तर राहणार होतं ना ते? म्हणजे त्या दिवाळीपासून आम्ही खुद्द लक्ष्मीला नाकावर पाडून वर तिचीच आरती करू लागलो. कुणी उलटून बघू नये म्हणून नाणी चिंचेनं घासायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. आई शेजारच्या अक्कांना सांगायची, पोराला देवाची गोडी लागली हो.

इथवर सांगायला सोपं आहे. चोरी सोपीच असते सांगायला. पण —

तिसऱ्या दिवाळीला आजोबा फार थकले होते. दोघांनी धरून त्यांना पाटासमोर बसवलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाणी मांडली. आजोबा एकदम त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "साकु रे आता, पुरे झालं. तोही गेला, मीही निघालो. सरळ करू दे त्याला. एकदा तोंड बघतो." आणि हात स्वतःच पुढे केला.

मी काय केलं असेल? खरं सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं — दोन थपडा? मी त्यांचं मनगट धरलं. आणि चक्क भाषण ठोकलं! आजोबा, तुमचे अकरा महिने आम्ही विसरायचे का, हा राजा या घरात कधीच सरळ होणार नाही — असलं काहीबाही. आवाज कापत होता, भीतीनं. घरच्यांना वाटलं, देशभक्तीनं. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. अण्णा "शाब्बास" म्हणाले.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "सरी, बरं," म्हणाले, "तुम्हा पोरांना नको, तर नको." आणि हात मागे घेतला. उन्हाळ्यात ते गेले.

तेव्हापासून मी आमच्या घरातला देशभक्त. ती गोष्ट दर दिवाळीला मीच सांगतो, नकला करून, फराळाच्या ताटांभोवती सगळ्यांना बसवून. बरी रंगते. नाणी अजून मीच घासतो.

यंदा माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, पणजोबांचा राग शेवटपर्यंत गेलाच नाही का?"

मी म्हणालो, "नाही. शेवटपर्यंत नाही."

गेला होता. मी तो जाऊ दिला नाही.