मग जात कशावरून?

सविता देवस्थळी रोज सकाळी पावणेसातला सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात आपल्या इमारतीखाली उभी राहायची आणि कंपनीची बस तिला जुरोंग आयलंडला घेऊन जायची. तिथल्या एका केमिकल प्लांटच्या लॅबमध्ये ती सीनियर केमिस्ट होती. बसमध्ये खिडकीजवळची जागा रोहायदाची आणि तिच्या शेजारची सविताची, हे आठ वर्षांत ठरूनच गेलं होतं. रोहायदा त्याच लॅबमधली टेक्निशियन. मलय, वयानं सविताएवढीच, पंचेचाळिशीची, डोक्याला कायम नीट पिना लावलेला रुमाल. मुलांचे निकाल, सासवांची दुखणी, नवऱ्यांचं घोरणं, असं दोघी सगळं बोलायच्या. एक गोष्ट मात्र सवितानं रोहायदाला सांगितली नव्हती. खरं तर सिंगापुरात कुणालाच सांगितली नव्हती.

सविताचं माहेर जालन्याचं. वडील दगडखाणीवर मुकादम, आजोबा त्याच खाणीवर दगड फोडणारे. जात वडार. घरात वडारी बोलायचे, शाळेत मराठी. बारावीला सविता कॉलेजात पहिली आली. मुंबईत केमिस्ट्रीला प्रवेश मिळाला तो भटक्या-विमुक्तांच्या राखीव जागेवर. त्यासाठी जातीचा दाखला लागायचा, आणि तो काढताना वडिलांचे जोडे झिजले. तहसील कचेरीतला कारकून म्हणाला, आजोबांच्या शाळेचा दाखला आणा, त्यावर जात लिहिलेली असते. वडील म्हणाले, आजोबा शाळेत गेलेच नाहीत साहेब, दगड फोडायचे. कारकून म्हणाला, मग जात कशावरून? वडिलांनी अकरा फेऱ्या मारल्या. अकराव्या फेरीला खाणीवरच्या जुन्या हजेरीपटाचं एक पान सापडलं, त्यावर काम भागलं. वडील हा किस्सा घरी हसत हसत सांगायचे. पण सांगून झालं की उठून अंगणात जायचे.

मुंबईतच तिला मुकुल देवस्थळी भेटला. पुण्याचा, सीए. लग्नाला त्याच्या आईनं दोन वर्षं घेतली, मग संमती दिली. लग्नानंतर दोघं सिंगापूरला आले. पहिल्याच महिन्यात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला निघताना मुकुल बुटांचे बंद बांधता बांधता म्हणाला, "इथं कुणाला काही सांगत बसायची गरज नाही ना गं?" सविता म्हणाली, "नाही." खोटं कशाला बोलायचं, तिला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं. पुढचं सगळं आडनावच आपोआप करत गेलं. मुकुलचा मित्र प्रबोध, त्याची बायको सुचित्रा, ही सगळी मंडळी तिला आपल्यातलीच धरून चालली. नवरात्रात सुचित्रा दर वर्षी सवाष्ण म्हणून तिलाच जेवायला बोलवायची, ओटी भरायची आणि म्हणायची, "तुझ्या हाताला ना, घरचं वळण आहे." सविता खाली मान घालून साडी घ्यायची.

मुकुलनं भारतीय पासपोर्ट ठेवला. सवितानं मात्र २०१३ साली सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं. २०१७ साली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली, तेव्हा राष्ट्राध्यक्षासाठीचं तिचं ते पहिलंच मत असणार होतं. त्या वर्षीची निवडणूक मलय उमेदवारांसाठी राखीव होती. कायदाच तसा केला होता, कारण मलय राष्ट्राध्यक्ष होऊन सत्तेचाळीस वर्षं लोटली होती. अकरा सप्टेंबरच्या सोमवारी संध्याकाळी जाहीर झालं की बाकीचे इच्छुक पात्रतेच्या अटींत बसले नाहीत, एकच नाव उरलं, संसदेच्या माजी सभापती असलेल्या बाईचं. म्हणजे मतदान नाहीच. तीच बाई होणार राष्ट्राध्यक्ष, बिनविरोध.

मंगळवारी सकाळी रोहायदा बसमध्ये चढली तर मागून मेंटेनन्सचा एक इंजिनियर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम प्रेसिडेंट, प्लीज, तुमची राखीव जागा."

सगळी बस हसली. रोहायदाही हसली, हात हलवून खिडकीजवळ बसली. सविताही हसली. तिला त्यात विशेष काही वाटलंच नाही. सगळे हसत होते, विनोद बरा होता, आणि सकाळची वेळ.

दिवसभर लॅबमध्ये तेच चाललं. नमुने आणून देणाऱ्यापासून मॅनेजरपर्यंत जो तो रोहायदाला "मॅडम प्रेसिडेंट" म्हणू लागला. कुणी अभिनंदन केलं, जणू तिची बहीणच निवडून आली होती. कुणी म्हणालं, पण बाईचे वडील तर भारतीय होते ना, मग मलय कशी? तेही रोहायदालाच विचारलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये दोघीच होत्या तेव्हा रोहायदा म्हणाली, "तुला सांगू, मी तिलाच मत देणार होते. मनापासून. आता मत पण नाही दिलं, आणि वरून रोज सगळ्यांना उत्तरं द्यायची. माझ्या भावाला तर असलं राखीव-बिखीव काही नकोच होतं. तो म्हणतो, ती उघड निवडणुकीत सुद्धा जिंकली असती. आता कुणी मानणार आहे का हे?"

"लोक विसरतील दोन दिवसांत," सविता म्हणाली.

"हो, लोक विसरतील," रोहायदा म्हणाली आणि भात खाऊ लागली.

शनिवारी प्रबोधच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर जेवण होतं. चार घरची माणसं. सविता, मुकुल आणि पंधरा वर्षांची श्रिया तिघंही गेले होते. सुचित्रानं मसालेभात आणि अळूवडी केली होती. पानं वाढून होतायत तोवर प्रबोधनं विषय काढला. प्रबोध वन-नॉर्थ भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्टर होता आणि जेवताना त्याचा आवाज मीटिंगमधल्यासारखाच असायचा.

"ज्याला कंटाळून आपण देश सोडला," तो म्हणाला, "ते विमानात बसून आपल्या मागोमाग आलं बघा. कोटा. तोही थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीला."

कुणीतरी म्हणालं, "आणि वडील भारतीय. म्हणजे सर्टिफिकेट पण बोगस."

"नाही रे, इथं कमिटी आहे त्याला," प्रबोध म्हणाला. "मलय आहे की नाही ते कमिटी ठरवते. आपल्याकडची जातपडताळणीच."

तेवढ्यात मुकुलनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. नकला करण्यात तो पहिल्यापासून वाकबगार. मान तिरकी करून, नाकातून आवाज काढत तो म्हणाला, "आजोबांच्या शाळेचा दाखला आणा." मग लगेच खांदे पाडून, हात जोडून, खेड्यातल्या बोलीत, "आजा साळंत गेलाच नाही सायेब, दगडं फोडायचा." पुन्हा चष्म्यावरून बघत, "मग जात कशावरून?"

टेबल हादरलं. प्रबोधला ठसका लागला. सुचित्रा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अगंबाई, मुकुल, तुम्ही म्हणजे ना." मुकुल लाल झाला होता हसून. पुढचा घास घ्यायला त्यानं हात पुढे केला, आणि मग त्याची नजर सविताकडे गेली.

सविताच्या तोंडात अळूवडीचा तुकडा होता. जोडलेले ते हात तिनं ओळखले होते. वडील असेच हात जोडून किस्सा सांगायचे, आणि मुकुलनं ते जालन्याच्या घरात सतरंजीवर बसून, चहा पीत पाहिलं होतं. अंगाला काही चिकट लागावं तशी शिसारी मानेपासून खाली उतरत गेली. तिनं तुकडा कागदी रुमालात काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"अकरा फेऱ्या," ती म्हणाली.

सुचित्रानं विचारलं, "कसल्या गं?"

"माझ्या वडिलांनी मारल्या. तहसील कचेरीत. मुकुलनं आत्ता केली ना नक्कल, ती त्यांची. आम्ही वडार. माझी सीट राखीव होती."

आवाज तिचा नेहमीसारखाच होता, मीठ मागावं तसा. श्रिया आईकडे बघत राहिली. मग प्रबोधनं घसा साफ केला.

"अगं सविता, तुझी गोष्ट वेगळी आहे. तू हुशारच आहेस. आम्ही काय तुझ्याबद्दल बोलत होतो का?"

"मी इथं बसलेय हे माहीत नव्हतं तुम्हाला, एवढंच," सविता म्हणाली.

सुचित्रा उठली आणि "भात आणखी कुणाला?" असं म्हणत आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं सविताला वाढलं, पण वाढताना तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. अकरा वर्षांच्या सवाष्णी ती मनात मोजत असावी. निदान सविताला तरी तसं वाटलं, आणि त्या वाटण्याचीही तिला किळस आली.

परतीच्या मेट्रोत मुकुल सविताच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "नाव थोडंच घेतलं होतं मी कुणाचं."

श्रिया समोरच्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "पण बाबा, दॅट वॉज आजोबा, राइट? यू वेअर डूइंग आजोबा." मुकुलनं मान हलवली की नाही ते सविताला दिसलं नाही, कारण ती खिडकीबाहेर बघत होती.

पुढचे काही दिवस तिला त्याच्या बारीकसारीक गोष्टी सोसवेनात. चष्मा पुसणं, चहाचा घोट घेतानाचा आवाज, फोनवर कुणाशी तरी मोकळेपणी हसणं. तिला तिचं स्वतःचंही काही धड वाटत नव्हतं. मंगळवारची बस तिला आठवत होती. आपणही हसलो होतो, आणि आपल्याला त्यात काही वाटलं नव्हतं.

सोमवारी लॅबमध्ये मॅनेजर आत येत म्हणाला, "मॅडम प्रेसिडेंट, नऊच्या नमुन्याचा रिपोर्ट?" तेव्हा सविता खुर्चीवरून वळून म्हणाली, "तिचं नाव रोहायदा आहे. पुरे आता." मॅनेजर चपापला, "जोक, लाह," असं काहीतरी सिंगापुरी ढंगात पुटपुटला आणि रिपोर्ट न घेताच गेला.

सविताला वाटलं होतं, रोहायदाला बरं वाटेल. रोहायदानं हातमोजे काढले, डब्यात टाकले आणि तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "हे माझ्यासाठी करू नकोस."

"का?"

"आता ते म्हणणार मी तुझ्याकडे तक्रार केली. मलय लोकांना जोक कळत नाही, असं म्हणणार. मी हसून हसून संपवत आणलं होतं ते." तिनं नवे हातमोजे घेतले. "आणि मंगळवारी तू पण हसलीस. मी खिडकीच्या काचेत बघितलं."

सविता म्हणाली, "हो. हसले."

"मग?"

मग सवितानं तिला सांगितलं. तिथंच, दोन मशिनच्या मध्ये उभं राहून, खाण, हजेरीपट, देवस्थळी आडनाव, शनिवारचं जेवण, सगळं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रोहायदानं ऐकून घेतलं. तिचा चेहरा मऊ झाला नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुला लपता आलं." आणि थोड्या वेळानं, "मला राग नाही आला त्याचा. लपता आलं असतं तर मी पण लपले असते, एखाद दिवशी तरी." असं म्हणून ती कामाला लागली. संध्याकाळी बसमध्ये दोघी शेजारीच बसल्या, पण रोहायदानं डोळे मिटून घेतले.

त्या वर्षी नवरात्रात सुचित्राचं बोलावणं आलं नाही. ग्रुपवर तिच्याकडच्या सवाष्णीचा फोटो आला, ती नीता होती, नुकतीच पुण्याहून आलेली. कुणी भांडलं नाही. समोर भेटले की सगळे जरा जास्तच गोड बोलायचे. प्रबोध तर तिला दिसली रे दिसली की आपल्या कंपनीतल्या कुठल्याशा हुशार मागासवर्गीय मुलाची गोष्ट सांगायचा. सविता शेवटपर्यंत ऐकायची आणि विषय बदलायची.

एका रविवारी सकाळी मुकुल कांदे चिरत होता आणि सविता बटाटे, तेव्हा तो आपणहून बोलला. "मी विचार केला," तो म्हणाला. "सगळे काहीतरी बोलत होते. माझ्याकडे सगळ्यांपेक्षा चांगला विनोद होता. मला तो वापरावासा वाटला. तेवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, नाही सापडलं."

सवितानं सुरी खाली ठेवली. इतकं खरं तो कधी बोलला नव्हता, आणि ते इतकं घाण होतं. "माफ केलं" हा शब्द तिच्या तोंडात आला नाही, तिनं आणलाही नाही. ती म्हणाली, "श्रियाला सगळं सांगणार आहे मी. तू पण बस."

तिनं जालन्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वडील आता एकोणऐंशीचे. सविता त्यांच्याशी वडारीत बोलू लागली तेव्हा श्रिया चमकून बघत राहिली. ही भाषा तिनं आईच्या तोंडी उघडपणे कधी ऐकलीच नव्हती. एरवी सविता जालन्याला फोन करायची ती बेडरूमचं दार लावून.

"बाबा, नातीला तो कचेरीचा किस्सा सांगा. मराठीत सांगा," सविता म्हणाली.

"काहून? आज काय निघालं हे?"

"तिला ऐकायचाय."

वडिलांनी सांगितला. कारकून, शाळेचा दाखला, अकरा फेऱ्या, हजेरीपटाचं पान. "मग जात कशावरून?" या ठिकाणी ते नेहमीसारखे हसले. श्रिया हसली नाही. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला राग नाही आला?"

मग वडील म्हणाले, "आला ना बाई. राग करून दाखला भेटला नसता." आणि लगेच, "जावईबापू बरे आहेत ना? आवाज नाही त्यांचा."

मुकुल टेबलाच्या टोकाला बसला होता, कांद्याच्या सालींवर हात ठेवून. त्यानं सविताकडे पाहिलं.

"आहेत," सविता म्हणाली. "इथंच बसलेत. ऐकतायत."