साथीच्या जागेवरून

नांदेडात गाण्याचा कार्यक्रम असला की गाणाऱ्याच्या डाव्या हाताला, जरा मागे, मी बसलेली असायची. समोर पेटी. आमच्याकडे हार्मोनियमला हार्मोनियम फक्त निमंत्रणपत्रिकेत म्हणतात, एरवी ती पेटीच. दिवसा शाळेत संगीत शिकवायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी साथीला बसायचं, असं माझं आयुष्य गेलं आणि मी ते चांगलं तोऱ्यात घालवलं. साथ करणारी माणसं गरीब स्वभावाची असतात असा लोकांचा समज आहे. माझ्याबद्दल तो कुणी करून घेऊ नये. गाणारा कुठे श्वास घेणार, कुठे अडखळणार, कुठल्या सुरावर उगाच रेंगाळणार, हे मला त्याच्याआधी कळायचं. त्याचं अडखळणं मी पेटीवर असं सांभाळून घ्यायची की लोक त्यालाच दाद द्यायचे. मग मी पण मान डोलवायची.

एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. पहिली बंदिश रंगात यायला लागली की गाणारा माईकवाल्याकडे बघायचा आणि बोट खाली करून खूण करायचा, पेटी जरा कमी. नवखा असो की मुरलेला, ही खूण सगळ्यांची सारखीच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. साथ भाजीतल्या मिठासारखी असावी, तिची आठवण होता कामा नये, असंच आम्हाला शिकवलेलं होतं.

वाईट वाटायचं ते माझ्या मुलीला. ती पहिल्या रांगेत फ्रॉक सावरत बसायची आणि ते बोट खाली गेलं की तिचं तोंड पडायचं. घरी आल्यावर म्हणायची, "तुलाच कमी करायला सांगतेत, आन् तू हसून राहतीस?" पुढे दहावीच्या सुट्टीत तिने जाहीर केलं की ती पेटी शिकणार नाही, पियानो शिकणार. का, तर पियानो एकट्याने वाजवता येतो. नांदेडात तेव्हा पियानो शिकवणारं कुणी आमच्या माहितीत नव्हतं. आमचे हे म्हणाले, "पोरीनं हेलिकॉप्टर मागितलं असतं तर परवडलं असतं." तरी तिने इंटरनेटवर बघून सुरुवात केली, पुढे पुण्याला जाऊन रीतसर शिकली आणि परत नांदेडलाच आली. आता आमच्या पुढच्या खोलीत तिचा मोठा इलेक्ट्रिक पियानो आहे, अस्सल पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, आणि संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मुलांच्या चपलांचा दारात ढीग असतो.

मागच्या हिवाळ्यात ती म्हणाली, "मी व्हायोलिनसोबत वाजवणार आहे. लातूरला कार्यक्रम ठरून राहिलाय."

व्हायोलिनवाली तिची पुण्यातली मैत्रीण. मूळची उदगीरची, घरात कानडी बोलणारी, वडिलांकडून दाक्षिणात्य पद्धतीचं व्हायोलिन मांडी घालून शिकलेली आणि मग पुण्यात उभं राहून पाश्चात्त्य पद्धतीचं. आता लातूरला कॉलेजात शिकवते. मला ती मुलगी आवडते, पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी म्हणाले, "म्हणजे शेवटी माझ्याच जागेवर आलीस की."

 संध्याकाळी लेकीने माझ्यासमोर छोटा स्पीकर ठेवला आणि म्हणाली, "ऐक. मग बोल."

ती एका जर्मन संगीतकाराची रचना होती. दीड-एक शतकापूर्वीचा माणूस, उत्कट, मनस्वी. ही रचना त्याच्या शेवटच्या वर्षांतली. व्हायोलिन आणि पियानो, दोघंच, तीन भाग. तेव्हा त्याचं मन थाऱ्यावर राहत नव्हतं म्हणे, आणि म्हणून या काळातल्या त्याच्या संगीताला लोक बरीच वर्षं नाक मुरडत आले. थकलेल्या माणसाचं संगीत, असं म्हणून बाजूला ठेवायचे. लेकीने हे सांगितलं तेव्हा मी कान टवकारले. साठी उलटल्यावर माणसाला असल्या गोष्टी जवळच्या वाटतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी नेहमीची खोड आड आली. मी व्हायोलिनला गाणारा मानलं आणि पियानोला साथीदार. मग काय, सगळं बिनसलेलंच वाटणार. पियानो स्वस्थ बसायलाच तयार नाही. व्हायोलिन एक सूर लांबवतंय तर हा खालून उसळ्या मारतोय, मध्येच त्याच्या तोंडातली ओळ काढून घेतोय. मी म्हणाले, "याला काही रीतभात आहे का?" लेक म्हणाली, "उद्या परत ऐक."

मी परत ऐकलं, मग रोजच ऐकू लागले. भाजी निवडताना, दुपारी आडवं होताना. पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे हे व्हायोलिन वर जाऊन चमकत नाही. व्हायोलिनवाल्याला वर जायची केवढी हौस असते. इथे ते बराच वेळ खालच्या जाड तारेवर राहतं, काळसर, घोगऱ्या आवाजात. आपल्याकडे वय झालेला चांगला गवई असा खर्जात रमतो. तार सप्तकात जाऊन टाळ्या घ्यायची त्याला गरज उरलेली नसते. या संगीतकाराचंही तसंच असावं. त्याला कुणाला दिपवायचं नव्हतं. जे सांगायचं होतं ते वेळ संपायच्या आत सांगून टाकायचं होतं. थकलेला माणूस असं लिहीत नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

मधला भाग मला सगळ्यांत प्रिय झाला. दोन ओळी म्हणायच्या आणि थबकायचं, परत म्हणायच्या, परत थबकायचं. दारातून निघालेल्या पाहुण्याला अजून एक सांगायचं राहिलेलं असतं, तसं. आणि शेवटच्या भागात दोघं नुसते पळतात.

तरीही माझा पियानोशी तंटा मिटला नव्हता. तो मिटला आमच्या पुढच्या खोलीत. उदगीरची मुलगी तालमीला नांदेडला आली होती. मी दारात लसूण सोलत बसले होते. पहिल्या भागात एका जागी मला राहवलं नाही. मी लेकीला म्हणाले, "तू तिच्या अंगावर जाऊन राहिलीस. जरा मागं सरक."

व्हायोलिनवालीने गज खाली घेतला आणि हसली. "काकू, ती मागं सरकली की मी पडते बघा. इथं सूर तिचा हाय. मी निस्ती तिला धरून राहिले."

"तू तिला?"

"हाव. ह्या जागी मी साथीला हाय. दोन ओळींनी परत ती माझ्या साथीला येते. असंच चालतंय शेवटपर्यंत." मग तिने छापील स्वरलिपीचं मुखपृष्ठ माझ्यापुढे धरलं. संगीतकाराने स्वतःच नाव दिलं होतं, पियानो आणि व्हायोलिनसाठी. पियानो आधी.

मी लसूण बाजूला ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते सगळं पियानोच्या बाजूने ऐकलं, आणि माझ्या लेकीची बोटं काय करतायत ते मला दिसलं. श्वास कुठे घेतला जाणार हे ती आधी ओळखत होती. ते माझं होतं, माझ्याकडून तिच्याकडे गेलेलं. पण ओळखून ती मागे राहत नव्हती, बरोबरीने पुढे जात होती, आणि हे माझं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की मी उठून आत गेले आणि चहा टाकला.

मग पत्रिका आली. लातूरच्या आयोजकांनी चांगल्या जाड कागदावर छापली होती. वर मोठ्या अक्षरात व्हायोलिनवालीचं नाव आणि खाली बारीक अक्षरात, पियानो साथ, म्हणून लेकीचं. उदगीरच्या मुलीने त्यांना फोन केला, भांडली, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. आयुष्यभर माझं नाव त्याच बारीक अक्षरात छापून आलं आणि मला कधी टोचलं नाही. या वेळी मात्र टोचलं. लेक म्हणाली, "राहू दे. ऐकल्यावर कळंल त्यांना." ती हे सहज म्हणाली, पण तिच्या आवाजावरून मला समजलं की पहिल्या रांगेतली ती फ्रॉकवाली मुलगी अजून तिथेच बसलेली आहे. लोकांना कळायला हवं होतं. नाहीतर तिचं सगळं शिक्षण एका बारीक ओळीत संपणार होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पियानो दोन गोधड्यांत गुंडाळून गाडीच्या मागच्या भागात आडवा घातला. हे गाडी चालवत होते आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होते. मी म्हणाले, "पुढं बघा, तो पियानो आहे, बाळंतीण नाही." वाटेत लोह्याला चहा घेतला. तिथे लेकीने गोधडी उचलून एकदा पट्ट्यांवर हात फिरवला आणि परत झाकलं.

लातूरचं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. शिक्षक, डॉक्टर, कॉलेजची मुलं. पियानोची वायर मागच्या टेबलावर बसलेल्या माईकवाल्याच्या यंत्रात गेली आणि व्हायोलिनपुढे माईक उभा राहिला. मी मधल्या रांगेत कडेला बसले. माझ्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक होते.

पहिला भाग सुरू झाला. व्हायोलिन सगळ्या सभागृहात भरून होतं आणि पियानो जवळजवळ नव्हताच. आडाच्या तळातून यावा तसा येत होता. जिथे सूर पियानोकडे जातो तिथे लोकांना नुसतं व्हायोलिनचं गुरगुरणं ऐकू येत होतं. शेजारचे प्राध्यापक त्यांच्या बायकोला हळूच म्हणाले, "वाजवते छान, पण चाल कुठं हाय?" चाल माझ्या लेकीच्या हातात होती. तिला मंचावर यातलं काही कळणं शक्य नव्हतं, कारण पियानोचे स्वतःचे स्पीकर तिच्या पुढ्यातच होते. ती जीव ओतून वाजवत होती आणि ते तिच्यापाशीच राहत होतं.

मी मागे वळून बघितलं. माईकवाला निवांत होता. त्याच्यापुढे पत्रिका होती आणि पत्रिकेत साथ लिहिलेलं होतं. भजनाला, गझलेला तो जे करत आला तेच त्याने केलं होतं.

मधला भागही तसाच गेला. माझा तो थबकत थबकत बोलणारा भाग. लोकांनी मोबाइल काढले. कार्यक्रम चालू असताना उठून जाणं ही आमच्या क्षेत्रात सगळ्यांत मोठी बेअदबी, आणि मी जन्मात कधी ती केली नव्हती. दुसरा भाग संपला, थोड्या टाळ्या पडल्या, व्हायोलिनवाली तार जुळवू लागली. मी उठले.  सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने मी मागच्या टेबलापाशी गेले.

"पेटी वाढवा," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. "पेटी कुठं हाय, म्याडम?"

"पियानो. तो वाढवा."

"साथीचा हाय ना तो? साथ एवढीच ठेवतो आपण. वाढवली की कलाकार वरडतेत."

"दोघी कलाकार आहेत. बरोबरीनं ठेवा. मी बघते कोण ओरडतंय."

त्याने खांदे उडवले आणि एक बटण वर सरकवलं.

शेवटचा भाग पियानोच सुरू करतो. लेकीची बोटं पट्ट्यांवर पडली आणि ते बारीक, टोकदार, धावते सूर सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत आले. मागून व्हायोलिन तीच ओळ घेऊन पळत आलं. पुढच्या रांगांमधली डोकी हलली. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकून बसले. लेकीने क्षणभर मान वर केली, तिलाही तो फरक ऐकू आला असणार. तिने माझ्या खुर्चीकडे बघितलं. ती रिकामी होती. मग तिने मागे टेबलाकडे बघितलं, आणि परत पट्ट्यांकडे.

मध्येच व्हायोलिन वर चढलं तसा माईकवाल्याचा हात सवयीने त्या बटणाकडे गेला. मी माझा हात त्याच्यावर ठेवला.

"राहू द्या," मी म्हणाले.

हात मी काढून घेतला नाही. पहिल्या भागातली ओळ शेवटाकडे एकदा डोकावून जाते, ती आली, गेली, आणि दोघी एकदम थांबल्या. टाळ्या पडल्या, चांगल्या भरून पडल्या, आणि प्राध्यापक उभे राहिलेले मला पाठमोरे दिसले.

माईकवाल्याने टाळ्या संपेपर्यंत वाट बघितली. मग माझ्या हाताकडे बघत अदबीने विचारलं, "म्याडम, ती पियानोवाली तुमची कोण?"

"माझी लेक," मी म्हणाले. "मी तिच्या साथीला आलेय."

मग मी हात काढला.