टेल्सेच्या बरणीला फेस आला

टेल्से हिनरिक्सन ही शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलेली बाई. हात मोठे, आवाज त्याहून मोठा. उत्तर जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्ग शहराच्या चढावर आमच्या बागांची वसाहत आहे, तिथे तिची बाग माझ्या बागेला लागून. ऑगस्टात वसाहतीचा मेळा भरतो. एके काळी तिथे टेल्सेच्या पातेल्यापुढे रांग लागायची. लाल फळांचं घट्ट पुडिंग, वर साय, आणि पोटात सढळ हाताने ओतलेली रम.

मग तिच्या नवऱ्याने, हार्मने, दारू सोडली. गोदीतला वेल्डर तो; प्यायचा तेव्हा मरणाचा प्यायचा, सोडली तेव्हा घरात व्हिनेगरची बाटलीसुद्धा राहू दिली नाही. त्यानंतर सहा उन्हाळे टेल्सेने मेळ्याला फुलांच्या सरबताची जेली आणली. लोक मुकाट्याने खायचे. वसाहतीचा अध्यक्ष ब्रोडर पेटरसन एकदा तिच्या तोंडावर म्हणाला, "टेल्से, आजारी माणसाला देतात तसलं काहीतरी लागतंय बघ."

यंदा मे महिन्यात हार्मनेच माळ्यावरून रमेत फळं मुरवायची चिनी मातीची जुनी बरणी काढली, पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

"ही घे. घाल फळं."

"डोकं फिरलं का तुझं?"

"फिरायचं तेवढं फिरून झालं. तू जेली वाढतीस अन् माणसं माझ्याकडं बघत्यात. माझ्यापायी अख्ख्या वसाहतीनं पथ्य पाळायचं व्हय?"

त्याला काय हवं होतं ते उघड होतं. आपल्या तळघरात रमची बरणी असावी आणि बायकोने तिच्यावर पहारा ठेवू नये, एवढंच.

टेल्सेने जूनमध्ये स्ट्रॉबेऱ्या घातल्या, त्यांच्यावर साखर, आणि फळं बुडतील एवढी रम. मग चेऱ्या, मग रासबेऱ्या. जसजशी फळं पिकतील तसतसे थर. बाकीच्यांच्या बरण्या नाताळाच्या तोंडावर उघडतात. हिला मात्र ती ऑगस्टातच उघडायची होती, ताकाच्या आईस्क्रीमवर ओतायला. बाई इतकी वर्षं उपाशी होती. आता एकदम सुटली. पहिल्यांदा तिने आईस्क्रीममध्येच रम ओतली. ते फ्रीजरमध्ये दिवसच्या दिवस राहून आंबिलीसारखं पातळच.

हार्म खदखदून हसला. "माझ्यासारखंच हाय ते. पोटात रम गेली की किती बी गार करा, उभं राहत नाय."

मग तिने रम कमी केली, साय वाढवली. गूजबेऱ्या नासपतीच्या दारूत उकळून पाहिल्या. त्या इतक्या कडू झाल्या की कोंबड्यांनीही तोंड फिरवलं. कधी जमलं की ती कुंपणावरून मला वाटी द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. हार्मसाठी बिनदारूची वेगळी वाटी असायची. तो बोटाने चाटून पुसून खायचा. त्या दोघांना तसं हसताना मी फार वर्षांनी पाहत होते.

पण रम आणायची कुणी? टेल्सेच्या हातात बाटली दिसली असती तर संध्याकाळपर्यंत चढाच्या वरपासून खालपर्यंत बोभाटा झाला असता. म्हणून तिची बहीण गेशे आणायची, तीही सफरचंदाच्या रसाच्या बाटलीत भरून.

आणि पहारा? तो बसलाच. बरणीच्या तोंडावरच्या फडक्याला टेल्से स्वतःची गाठ मारायची. बटाटे आणायला तळघरात उतरणं हे आजवर हार्मचं काम. जूनपासून तीच उतरू लागली. हार्मला कळलं असणारच.

मेळ्याच्या सकाळी झाडाखाली टेबलं मांडली होती. ब्रोडर हातात वाटी घेऊन सगळ्यांत पुढे. टेल्सेने फडकं सोडलं, झाकण उचललं, आणि आंबूस भपका आला. वर पांढरा फेस, खाली बुडबुडे. स्ट्रॉबेऱ्या फिक्या पडून तरंगत होत्या.

ब्रोडर म्हणाला, "ही तर आंबली की! खऱ्या रमेत फळ आंबत नाय. पाणी पडलंय यात."

टेल्से हार्मकडे वळली.

"किती पाणी घातलंस, हार्म?"

"मी? मी हात बी लावला नाय."

"गाठ तशीच्या तशी मारायला शिकलास वाटतं."

"टेल्से, मी नाय प्यालो."

"आधीही हेच म्हणायचास. असाच उभा राहून, असंच तोंड करून."

हार्मने हातातल्या वाट्या एकीत एक नीट रचून ठेवल्या आणि बागेतल्या लाकडी खोपटाकडे चालत गेला. त्या दिवसापासून तो तिथेच राहिला.

पंधरवड्याने गेशे कॉफीला आली. मीही होते. टेल्से त्याच बरणीचं रडगाणं गात होती. गेशे केक कापता कापता म्हणाली, "पण तशी ती रम कडक नव्हतीच. मी हलकी रम आणत होते."

"हलकी म्हणजे?"

"अगं, साधी, कमी जोराची. घरात हार्म आहे ना. म्हटलं, चुकून तोंड लावलंच त्यानं, तर निदान कडक तरी नको. चांगल्यासाठीच केलं मी."

टेल्सेने कप खाली ठेवला. "म्हणजे फळं त्या हलक्या रमनंच आंबली."

"त्यात माझं काय चुकलं?"

टेल्से तशीच उठून खोपटाकडे गेली. मागोमाग मी; मध्ये पडायची हिंमत नव्हती, म्हणून बागेच्या दारापाशी थांबले. हार्म पायरीवर बसून वाटाणे सोलत होता.

"गेशेनं हलकी रम आणली होती," ती म्हणाली. "त्यानं आंबलं. तू प्याला नव्हतास."

"मला ठाऊक हाय."

"चुकलं माझं. घरी चल."

हार्मने वर पाहिलं. "गेशेनं सांगितलं म्हणून पटलं तुला. मी सांगितलं तेव्हा नाय पटलं. उद्या गेशे नसली मग?"

टेल्से एकटीच परतली.

ऑक्टोबरात ब्रोडर दोनदा येऊन गेला. थंडीत खोपटात राहायला वसाहतीची परवानगी नसते, आणि नियम त्यालाही मोडता येत नव्हता. हार्मने पिशवी उचलली आणि घरी गेला. आता ती दोघं एका टेबलाशी जेवतात. तो गोदीतल्या मित्रांकडे पत्ते खेळून संध्याकाळी परततो, तेव्हा बूट काढण्याआधी दारातच टेल्सेच्या तोंडाजवळ वाकतो आणि आ करून श्वास सोडतो.

"घे. बघून घे."

"हार्म, नको रे असं. माझा विश्वास आहे."

तो तसाच वाकून उभा राहतो. आणि टेल्से वास घेते.