काचेला टेकलेला तळवा

कॉमिकच्या शेवटच्या चौकटीतला तो तळवा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. चित्रं आधीच काढून यायची. फुग्यांमध्ये मराठी संवाद हाताने लिहायचे, एवढंच माझं काम. त्या अंकात पाच खलनायक होते. एका शास्त्रज्ञाने त्यांना काचेच्या टाकीत वाढवून उत्क्रांतीत माणसाच्या लाखो वर्षं पुढे नेलेलं. पाचही जण डोंगर उचलायचे, आणि तरी शेवटच्या, बत्तिसाव्या पानावर हरायचे, कारण चित्र तसं काढलेलं होतं. हरल्यावर पुन्हा त्याच टाकीत. त्यातल्या धाकटीचा तळवा आतून काचेला टेकलेला.

तिच्या फुग्यात मी लिहिलं, "आम्हाला कुणी विचारलं होतं का?"

संपादकबाई म्हणाल्या, "अहो, खलनायकाची दया यायला नको. 'पुन्हा येऊ!' लिहा."

"बरं," मी म्हणालो.

आपण कसं घडायचं, हे तरी आपल्याला कोण विचारतं? ब्लेडने अक्षरं खरवडली. खरवडलेल्या कागदावर शाई फुटतेच, तशी ती फुटली. "पुन्हा येऊ!" लिहून झालं, आणि मग मी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

चित्रात तिचं तोंड मिटलेलं होतं.