दोन शाली आणि १९३२ साल

१९३२ सालच्या शेवटच्या चार महिन्यांनी आजचे जग घडवले, असे माझे ठाम मत आहे. जेद्द्यात ते अजून कोणी पूर्ण ऐकून घेतलेले नाही.

गेल्या सप्टेंबरात सौदीच्या राष्ट्रीय दिनानिमित्त इथल्या मराठी मंडळींनी शराफिया भागातल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर कार्यक्रम ठेवला. मुलांची भाषणे होती. आठवीतल्या माझ्या मुलीचे भाषण आदल्या वर्षी वेळ संपली म्हणून मध्येच थांबवले होते, आणि ते ती विसरली नव्हती.

"बाबा, धिस टाइम मला एंडपर्यंत बोलायचंय," तिने बजावले. "छोटं लिहा."

मी पाच पाने लिहिली. इलाज नव्हता. १९३२ च्या तेवीस सप्टेंबरला या देशाला आजचे नाव मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. मी पुण्याचा. जगाच्या इतिहासात पुणे सापडल्यावर दोन पाने तिथेच गेली. मग मंदी, अमेरिकेची निवडणूक, जर्मनीची निवडणूक.

कार्यक्रम पाचचा. सहानंतर मगरिबची अजान झाली की थांबायचे, कारण निम्मी मंडळी रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुसलमान. ती नमाजला जाणार आणि परत येणार ती थेट बिर्याणीला. हे सर्वांना ठाऊक होते. तरीही व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या आणि नऊही जणांचा शाल-नारळ देऊन सत्कार होता. नारळ नऊ मिळाले, शाली मात्र दोनच. एक पांघरायची, फोटो काढायचा, उतरवून मागे न्यायची. तोवर दुसरी पुढे. सत्कार झालेला प्रत्येक जण दोन शब्द बोलत होता. नाशिकचे एक इंजिनियर सत्कार नको म्हणाले आणि का नको ते बारा मिनिटे सांगत राहिले. आठवा सत्कार माझा. समारंभांच्या सोसाविरुद्ध मीही थोडे बोललो. शाल पांघरूनच.

मुलगी उभी राहिली तेव्हा अजानला दोन-तीन मिनिटे उरली होती. तिने पहिले पान सुरू केले. त्यावर मी नऊही मान्यवरांना विशेषणांसह वंदन केले होते. पाचव्या मान्यवराला प्रमुख पाहुण्यांचा धीर सुटला. हे चाळीस वर्षे जेद्द्यात असलेले रत्नागिरीचे मसाल्याचे व्यापारी.

"अगो बेटी, ह्यांना समद्यांना आम्ही वळखतो. तू मुद्द्याचं बोल, अजान होईल आता."

तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पाचही पाने एकदम उलटली. मागे सहावे पान होते. ते तिने स्वतः शोधून लिहिले होते. तिथवर कोणी पोहोचणार नाही, या खात्रीने मी ते राहू दिले होते.

"त्याच सालच्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात एमू पक्षी गहू तुडवू लागले," तिने वाचले, "म्हणून सरकारने मशिनगन घेऊन फौज पाठवली."

सभागृहातले मोबाईल खाली आले.

"मग?" प्रमुख पाहुणे.

"मग एमू पांगले. मशिनगन जॅम झाली."

"आणि फौज?"

"परत गेली, अंकल. पुन्हा आली, पुन्हा गेली. शेतकऱ्यांनी दोन वर्षांनी परत बोलावलं, तर सरकार नाही म्हणालं. धन्यवाद."

टाळ्या पडल्या आणि अजान सुरू झाली. मुलगी येऊन शेजारी बसली. "एंडपर्यंत," ती एवढेच म्हणाली. येरवडा तिच्या हातात दुमडलेला होता.

नमाजनंतर बिर्याणीच्या रांगेत प्रमुख पाहुण्यांनी मला गाठले. मला वाटले, आता हे उरलेल्या पाच पानांबद्दल विचारणार. मी घसा साफ केला.

"भाई," ते म्हणाले, "तो पक्षी खातात काय?"

पाहून सांगतो म्हटले. घरी येऊन पाहिले.

खातात.